कॅरम बोर्डवर संवेग अक्षय्यतेचा प्रयोग: १७ टक्के संवेग जातो कुठे?

प्रयोगवही

अकरावीच्या प्रात्यक्षिकासाठी टकरींचा एक प्रयोग बसवायचा आहे. एअर ट्रॅक (हवेच्या थरावर वस्तू जवळजवळ घर्षणाशिवाय सरकवणारी पट्टी) नाही आणि ट्रॉल्यांची चाकं अडखळतात, म्हणून कॅरम बोर्ड घेतला. मांडणी अशी:

स्ट्रायकर १५.० ग्रॅम, सोंगटी ५.३ ग्रॅम. मोबाइल बोर्डाच्या बरोबर वर, साधारण १ मीटर उंचीवर, सेकंदाला २४० फ्रेम. चित्रफीत ट्रॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घालून मोजमाप. स्ट्रायकर कोपऱ्याजवळून कर्णाच्या दिशेने सोडतो, म्हणजे धावायला जागा जास्त मिळते. टकरीआधीच्या ३० सेंमीला लागलेला वेळ आणि टकरीनंतर प्रत्येकाने कापलेल्या ३० सेंमीला लागलेला वेळ मोजून वेग काढले आहेत.

सरळ टक्कर, म्हणजे सोंगटी स्ट्रायकरच्याच रेषेत पुढे गेली:
आधी स्ट्रायकर २.१० मी/से. नंतर स्ट्रायकर ०.८४ आणि सोंगटी २.५७ मी/से.
संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग (ग्रॅम × मी/से), आधी आणि नंतर सारखा यायला हवा: आधी ३१.५, नंतर १२.६ + १३.६ = २६.२. जवळजवळ १७ टक्के कमी. गतिज ऊर्जा ३१ टक्के कमी.

तिरकी टक्कर (कट):
आधी स्ट्रायकर २.०९. नंतर स्ट्रायकर १.४८, मूळ दिशेपासून १६ अंश डावीकडे, सोंगटी १.७७, मूळ दिशेपासून ४६ अंश उजवीकडे.
संवेग: आधी ३१.४, नंतर २२.२ + ९.४ = ३१.६. इथे मात्र छान जुळतो.

प्रश्न तीन. सरळ टकरीत संवेग का जुळत नाही, तिरक्यात का जुळतो? पुस्तकात टकरीनंतर दोन वस्तूंच्या दिशांमध्ये ९० अंश येतात असं आहे, आम्हाला ६२ च का? आणि ऊर्जेतली ३१ टक्के घट कॅरमसाठी ठीक मानायची का?

एकटी सोंगटी १.२ मी/से वेगाने सोडली तर पावडर टाकलेल्या बोर्डवर ६० सेंमी जाऊन थांबते, हेही मोजून ठेवलं आहे. स्ट्रायकरचं अंतरही तेवढंच येतं.

काटा_शून्यावर

शेवटच्या दोन ओळी दिल्यात ते फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. पण आधी ऊर्जेचा आकडा बघू, कारण तो एकटाच सांगतो की ही सगळी घट टकरीमुळे झालेली असणं शक्य नाही.

स्थिर वस्तूवर दुसरी आदळली तर टकरीत जास्तीत जास्त किती ऊर्जा जाऊ शकते? दोन्ही एकमेकांना चिकटून पुढे गेल्या तर सर्वांत जास्त. तेव्हा जाणारा हिस्सा म्हणजे स्थिर वस्तूचं वस्तुमान भागिले एकूण वस्तुमान. तुमच्या बाबतीत ५.३ ÷ २०.३, म्हणजे २६ टक्के. सोंगटी स्ट्रायकरला च्युइंगमने चिकटली असती तरी २६ च्या वर जाता येत नाही, कारण उरलेली ऊर्जा एकत्रित वस्तुमानकेंद्राच्या गतीत असते आणि संवेग टिकला तर ती गती बदलत नाही. सोंगटी तर छान उसळून पुढे गेली आहे, आणि तुमची घट ३१ टक्के. म्हणजे टकरीशिवाय आणखी कोणीतरी ऊर्जा आणि संवेग दोन्ही घेतो आहे.

ते बोर्डाचं घर्षण. १.२ मी/से वेगाची सोंगटी ०.६० मीटरवर थांबते, म्हणून मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर = १.२² ÷ (२ × ०.६०) = १.२ मी/से². घर्षण गुणांक साधारण ०.१२. मंदनात वस्तुमान येत नाही, पण स्ट्रायकर आणि सोंगटी यांचा तळ वेगळ्या गुळगुळीतपणाचा असू शकतो. तुम्ही दोन्ही मोजलेत हे योग्यच.

आता नियम नेमकं काय म्हणतो ते मुलांसमोर मांडायला हवं. बाहेरच्या बलाचा आवेग (बल गुणिले वेळ) नगण्य असेल तेवढ्याच कालावधीसाठी एकूण संवेग कायम असतो. टकरीचा स्पर्श मिलिसेकंदाहून कमी टिकतो. पूर्ण १ मिलिसेकंद धरला तरी दोघांवरचं मिळून घर्षण बल ०.०२४ न्यूटन, आवेग ०.००००२४ न्यूटन-सेकंद. एकूण संवेग ०.०३० न्यूटन-सेकंद. हजारावा हिस्सासुद्धा नाही. म्हणून टकरीच्या क्षणापुरतं घर्षण विसरायला पूर्ण परवानगी आहे. पण तुमचे वेग त्या क्षणाचे नाहीत. ते टकरीआधीच्या आणि नंतरच्या ३० सेंमीची सरासरी आहेत, आणि त्या अंतरात घर्षण शेकडो मिलिसेकंद काम करत होतं.

दुरुस्ती सोपी आहे. मंदन एकसारखं असेल तर सरासरी वेग हा त्या कालावधीच्या बरोबर मध्याला असलेला वेग असतो. तिथून टकरीच्या क्षणापर्यंत अर्धा कालावधी मोजायचा आणि मंदनाने गुणायचं.

स्ट्रायकर, आधी: ०.३० ÷ २.१० = ०.१४३ सेकंद. अर्धा ०.०७१. गुणिले १.२ = ०.०९. टकरीच्या क्षणी २.१० − ०.०९ = २.०१.
स्ट्रायकर, नंतर: ०.३० ÷ ०.८४ = ०.३५७ सेकंद. अर्धा ०.१७९. गुणिले १.२ = ०.२१. टकरीनंतर लगेच ०.८४ + ०.२१ = १.०५.
सोंगटी, नंतर: ०.३० ÷ २.५७ = ०.११७ सेकंद. अर्धा ०.०५८. गुणिले १.२ = ०.०७. टकरीनंतर लगेच २.५७ + ०.०७ = २.६४.

संवेग आधी ३०.२, नंतर १५.८ + १४.० = २९.८. फरक दीड टक्क्याच्या आत. मोबाइलने केलेल्या प्रयोगाला याहून जास्त मागू नये.

बघा, सर्वांत मोठी दुरुस्ती टकरीनंतरच्या स्ट्रायकरला लागली. तो सर्वांत हळू, म्हणून ३० सेंमीला सर्वांत जास्त वेळ घेतो आणि घर्षणाला सर्वांत जास्त वेळ देतो. समान अंतर मोजण्याची पद्धत हळू वस्तूवर असा अन्याय करते. समान वेळ मोजली तर दुरुस्ती सगळ्यांना सारखी लागते.

आता तिरकी टक्कर. ती जुळली नाहीये. दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या आहेत. घर्षणाने संवेग कमी दाखवला, आणि २२.२ अधिक ९.४ अशी सरळ बेरीज केल्यामुळे तो जास्त झाला. संवेगाला दिशा असते, वेगवेगळ्या दिशांचे संवेग आकड्यांसारखे मिळवता येत नाहीत. दिशा धरून मूळ रेषेतला घटक काढा: २२.२ × ०.९६१ + ९.४ × ०.६९५ = २७.९. म्हणजे ३१.४ पेक्षा ११ टक्के कमी, सरळ टकरीच्याच रोगाचं लक्षण.

घर्षणाची दुरुस्ती करून: आधी २.००, नंतर स्ट्रायकर १.६०, सोंगटी १.८७. संवेग ३०.०, २४.० आणि ९.९.
पुढच्या दिशेने: २४.० × ०.९६१ + ९.९ × ०.६९५ = २३.१ + ६.९ = ३०.०.
आडव्या दिशेने: स्ट्रायकरचा ६.६ डावीकडे, सोंगटीचा ७.१ उजवीकडे. बेरीज शून्य यायला हवी, अर्ध्या एककाचा फरक आहे. स्ट्रायकरचा कोन मोजताना १ अंश इकडेतिकडे झाला तर २४ × ०.०१७५ = ०.४ चा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ सगळा फरक एका अंशात बसतो.

ही तिरकी टक्कर प्रात्यक्षिकात जरूर ठेवा, आणि मुलांना आधी सरळ बेरीजच करू द्या. आकडा जुळला म्हणून समाधान मानायचं नसतं हे शिकवणारं याहून चांगलं उदाहरण ठरवून तयार करता येणार नाही.

काटकोन

९० अंशांच्या प्रश्नाचं उत्तर. तो निष्कर्ष तीन अटी एकत्र पाळल्या तरच येतो: दोन्ही वस्तुमानं समान, टक्कर पूर्ण स्थितिस्थापक, आणि एक वस्तू आधी स्थिर. कॅरममध्ये तिसरी तेवढी पाळली जाते. आंतरराष्ट्रीय नियमांत सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, म्हणजे वस्तुमानं जवळपास तिप्पट फरकाची.

सूत्र पाठ न करता कोन काढायचा असेल तर असं करा. टकरीच्या क्षणी दोन्ही केंद्रं जोडणारी रेषा कागदावर काढा. स्ट्रायकरच्या वेगाचे दोन तुकडे करा, एक या रेषेच्या दिशेने, दुसरा तिच्या काटकोनात. कडा गुळगुळीत असतील तर बल फक्त रेषेच्या दिशेने लागतं. त्यामुळे काटकोनातला तुकडा जसाच्या तसा राहतो आणि रेषेतल्या तुकड्याची साधी सरळ टक्कर होते.

सरळ टकरीचे तुमचे आकडे आहेतच. रेस्टिट्यूशनचा गुणांक, पुस्तकातला ई, म्हणजे दूर जाण्याचा सापेक्ष वेग भागिले जवळ येण्याचा सापेक्ष वेग: (२.६४ − १.०५) ÷ २.०१ = ०.७९. यावरून रेषेतल्या तुकड्याचा स्ट्रायकरकडे उरणारा हिस्सा (१५ − ०.७९ × ५.३) ÷ २०.३ = ०.५३, आणि सोंगटीला मिळणारा वेग मूळ तुकड्याच्या १.७९ × १५ ÷ २०.३ = १.३२ पट.

कडा गुळगुळीत धरल्या तर सोंगटी केंद्ररेषेतच जाते. ती ४६ अंशांवर गेली म्हणजे केंद्ररेषा ४६ अंशांवर होती. टॅन ४६ = १.०४. स्ट्रायकरचा रेषेतला तुकडा ०.५३ पट झाला, आडवा तसाच राहिला, म्हणून रेषेपासून स्ट्रायकरच्या नव्या दिशेचा कोन ज्याचा टॅन १.०४ ÷ ०.५३ = १.९६ आहे असा, म्हणजे ६३ अंश. तुमचं मोजमाप ६२. उत्तम.

याच रीतीने अजून एक गोष्ट निघते, खेळणाऱ्या मुलांना ती आवडेल. कितीही कट मारा, स्ट्रायकर मूळ दिशेपासून एका मर्यादेपलीकडे वळत नाही. पूर्ण स्थितिस्थापक टक्कर असती तर त्या कोनाचा साइन ५.३ ÷ १५, म्हणजे साधारण २१ अंश. ०.७९ गुणांकाला मर्यादा १८ अंशांच्या जरा खाली येते. तुमचे १६ अंश त्या मर्यादेच्या जवळच आहेत. एखाद्या गटाच्या वहीत स्ट्रायकर ३० अंश वळलेला दिसला तर सोंगटी आधी स्थिर नव्हती, किंवा स्ट्रायकर दुसऱ्या सोंगटीलाही लागला, किंवा मूळ दिशाच चुकीची धरली.

९० अंश दाखवायचेच असतील तर सोंगटीने सोंगटीला मारा. तिथेही गुणांक ०.७९ च्या आसपास असेल तर ४५ अंशांच्या कटला ८४ अंश येतील, ३० अंशांच्या कटला ८०. पूर्ण ९० येणारच नाहीत, आणि किती कमी येतात त्यावरून गुणांक काढता येतो. मला हा भाग सरळ टकरीपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. इथे वेग मोजायची गरजच नाही, बोर्डवर कागद ठेवून दिशा आखल्या तरी पुरे.

फ्रेमफ्रेम

चित्रीकरणाबद्दल थोडं, कारण गणित बरोबर करूनही इथे घसरतं.

स्लो मोशनची फाइल बऱ्याचदा सेकंदाला ३० फ्रेमची म्हणून साठवलेली असते. ट्रॅकरला २४० सांगितलं नाही तर सगळे वेग ८ पट कमी येतात. संवेगाचं गुणोत्तर तरीही बरोबर दिसतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण मंदन ६४ पट कमी येतं आणि मग घर्षण नगण्य आहे असा भलताच निष्कर्ष निघतो. तपासायला दुसऱ्या मोबाइलवरचं स्टॉपवॉच ५ ते १० सेकंद चित्रित करून फ्रेम मोजा. काही फोन प्रकाशाप्रमाणे फ्रेमची गती बदलतात, तेही यातच कळतं.

२ मी/से वेगाची सोंगटी एका फ्रेममध्ये ८ मिलिमीटर सरकते. प्रकाश कमी असेल तर शटर तेवढा वेळ उघडं राहतं आणि वर्तुळाऐवजी लांबट डाग मिळतो. खिडकीजवळ दिवसाचा प्रकाश सर्वांत चांगला. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, २४० फ्रेममध्ये ते काळे-पांढरे पट्टे होऊन दिसतं आणि आपोआप माग काढणारी सोय भरकटते. सोंगटीच्या मधोमध मार्करने गडद ठिपका काढा, काळ्या सोंगटीला पांढरा.

मापपट्टी बोर्डवर न ठेवता सोंगटीच्या उंचीवर ठेवा. सोंगटी ७ ते ९ मिमी जाड असते. कॅमेरा १ मीटरवर असेल तर बोर्डाच्या पातळीवर आणि सोंगटीच्या पाठीवर पाऊण टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. गुणोत्तरात तो कटतो, मंदनात राहतो. आणि टक्कर चित्राच्या मध्यभागी घडवा, कडेला भिंग रेषा वाकवतं.

टकरीनंतरच्या फक्त ५ फ्रेम घेऊन घर्षण टाळावं असं वाटेल. ५ फ्रेममध्ये १.०५ मी/से चा स्ट्रायकर जेमतेम २२ मिमी जातो, ठिपका टिपताना १ मिमीची चूक झाली की ४-५ टक्के गेले. त्यापेक्षा २५-३० फ्रेम घ्या आणि ट्रॅकरमध्येच स्थान-काळ आलेखाला परवलय बसवा. टकरीच्या क्षणीचा उतार म्हणजे हवा तो वेग.

बारावी_ब

सर, दोन शंका. एकमेकांवरचं बल समान आणि विरुद्ध असतं म्हणून संवेग टिकतो हे पटतं. मग त्याच कारणाने गतिज ऊर्जा का टिकत नाही? आणि स्ट्रायकर बोर्डाच्या लाकडी फ्रेमला आपटून परत येतो तेव्हा त्याचा संवेग उलटा होतो. तिथे नियम मोडतो का?

काटा_शून्यावर

पहिली शंका फार चांगली आहे. आवेग म्हणजे बल गुणिले वेळ. स्पर्श दोघांसाठी एकाच क्षणी सुरू होतो आणि एकाच क्षणी संपतो, त्यामुळे वेळ दोघांची समानच. बल समान-विरुद्ध, वेळ समान, म्हणून आवेग समान-विरुद्ध आणि बेरीज शून्य. ऊर्जा बदलते ती कार्याने, म्हणजे बल गुणिले अंतर. स्पर्श चालू असताना दोघांनी कापलेलं अंतर समान असायचं काही कारण नाही. स्ट्रायकर दाबत पुढे येतो, सोंगटी नुकती हलायला लागलेली असते. अंतरातला फरक म्हणजे कडा जेवढी दबली तेवढा. दबलेली कडा पूर्ण परत उसळली तर पहिल्या भागात गेलेली ऊर्जा दुसऱ्या भागात परत मिळते. नाही उसळली तर ती उष्णता, कंपनं आणि तो 'टक्' आवाज यांत जाते.

वरच्या दुरुस्त आकड्यांवरून ऊर्जा काढली तर आधी ०.०३०३ जूल, नंतर ०.०२६७ जूल. घट १२ टक्के. गुणांकाच्या सूत्राने ०.२६ × (१ − ०.७९²), म्हणजे १० टक्के यायला हवी. वरचे २ टक्के ही संवेगातल्या दीड टक्क्याच्या चुकीची सावली. ऊर्जेत वेगाचा वर्ग असतो, म्हणून वेगातली चूक तिथे मोठी होऊन दिसते. ३१ टक्क्यांपैकी टकरीचा वाटा १० च्या आसपास होता, हे आता सांगता येतं.

दुसरी शंका. नियम मोडत नाही, फक्त फ्रेमचं बल आता बाहेरचं झालं. स्ट्रायकर एकटा धरला तर त्याच्यावर बाहेरचा आवेग आला आणि संवेग बदलला. इथे चिन्हाची चूक हमखास होते. समजा २.० मी/से ने गेला आणि १.४ मी/से ने परत आला. वेगातला बदल ०.६ नाही. दिशा उलटली, म्हणून २.० + १.४ = ३.४. आवेग ०.०१५ × ३.४ = ०.०५१ न्यूटन-सेकंद. ०.६ धरलात तर ०.००९ येईल, जवळजवळ पावणेसहा पट कमी. तो ०.०५१ चा आवेग बोर्डाला मिळाला, बोर्डाने स्टँडला, स्टँडने जमिनीला दिला. बोर्ड सुटा असता आणि १० किलोचा धरला तर ५ मिमी प्रति सेकंद वेगाने सरकला असता. म्हणून प्रयोग करताना बोर्डाखाली रबराचे तुकडे ठेवा.

घर्षणाची दुरुस्ती करून मगच निष्कर्ष काढण्याची रीत न्यूटनचीच आहे. १६८७ च्या ग्रंथात त्याने लंबकांच्या टकरींचे प्रयोग दिले आहेत. दोरीला टांगलेले गोळे एकमेकांवर सोडायचे, किती उंच जातात त्यावरून वेग काढायचा. आधी एकटा गोळा सोडून हवेमुळे झोका किती कमी होतो ते त्याने मोजलं, आणि ती घट टकरीच्या आकड्यांतून वेगळी केली. मग दूर जाण्याच्या आणि जवळ येण्याच्या वेगाचं गुणोत्तर लोकरीच्या गोळ्यांसाठी ५:९ आणि काचेच्या गोळ्यांसाठी १५:१६ च्या आसपास दिलं. म्हणजे ०.५६ आणि ०.९४. प्रयोगवहींनी एकटी सोंगटी सोडून थांबण्याचं अंतर मोजलं, ते नेमकं हेच काम.

बारावी_ब

कळलं, धन्यवाद. मग टकरीच्या वेळचं बल किती ते या चित्रफितीतून काढता येईल का?

फ्रेमफ्रेम

आवेग काढता येईल, बल नाही. सोंगटीला मिळालेला आवेग ०.०१४ न्यूटन-सेकंद. त्याला स्पर्शाच्या वेळेने भागलं की सरासरी बल. पण दोन फ्रेममध्ये ४.२ मिलिसेकंदांचं अंतर असतं आणि स्पर्श त्याच्या आत कुठेतरी होऊन जातो. ४.२ ने भागून ३.३ न्यूटन असं उत्तर लिहिलं जातं, ते कॅमेऱ्याचं माप आहे, टकरीचं नाही. स्पर्श १ मिलिसेकंद असेल तर १४ न्यूटन, ०.२ असेल तर ७० न्यूटन. सोंगटीचं वजन ०.०५ न्यूटन, हे शेजारी लिहिलं की टकरीपुरतं घर्षण का सोडून देतो तेही दिसतं.

वेळ खरंच मोजायची असेल तर पोलादी बेअरिंगचे दोन गोळे घ्या, २५ मिमी व्यासाचे चालतील. प्रत्येक गोळा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन बारीक तांब्याच्या तारांनी टांगा म्हणजे एकाच पातळीत झुलेल. दीड व्होल्टचा सेल, १ किलो-ओहमचा रोध आणि दोन गोळे असं एकसर जोडा. गोळे टेकलेले असतात तेवढाच वेळ प्रवाह वाहतो. रोधाच्या दोन टोकांना ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा काळाबरोबरचा आलेख दाखवणारं उपकरण) लावून सिंगल ट्रिगरवर, म्हणजे एकच स्पंद पकडून थांबेल असा, ठेवा, एक चौकोनी स्पंद मिळेल, साधारण १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास. अर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने करायचं तर त्याच्या मायक्रोसेकंद घड्याळाची पायरी ४ ची असते आणि इंटरप्टलाही, म्हणजे बदलाची दखल घ्यायलाही, काही मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे ५-१० टक्क्यांची ढिलाई धरा. तार मुलाम्याची, म्हणजे एनॅमलची असेल तर टोकं नीट खरवडा. स्पंद तुटक आला तर गोळ्यावर तेल किंवा गंज आहे, स्पिरिटने पुसा.

प्रयोगवही

सगळ्यांचे मनापासून आभार. तिरक्या टकरीचे आणखी ५ शॉट याच रीतीने तपासले. पुढच्या दिशेचा संवेग सगळ्यांत २ टक्क्यांच्या आत जुळतो. पण आडव्या दिशेत सोंगटीचा संवेग प्रत्येक वेळी थोडा जास्तच येतो, आणि सोंगटी थोडी फिरतानाही दिसते. हे दोन्ही एकाच कारणाने का? स्ट्रायकर घरी वापरातला आहे, वजन काट्यावर १५.० आहे.

काटकोन

फिरण्याचं कारण कडांमधलं घर्षण. वर मी कडा गुळगुळीत धरल्या होत्या. प्रत्यक्षात स्ट्रायकरची कड सोंगटीच्या कडेवरून घासत जाते आणि स्पर्शरेषेच्या दिशेने छोटासा आवेग देते. दोन परिणाम होतात. सोंगटी उभ्या अक्षाभोवती फिरते, आणि केंद्ररेषेपासून थोडी स्ट्रायकरच्या मूळ दिशेकडे ओढली जाते. जास्तीत जास्त ओढ म्हणजे ज्याचा टॅन कडांच्या घर्षण गुणांकाएवढा तो कोन. गुणांक ०.१ असेल तर जवळजवळ ६ अंश. पॉकेटच्या जरा बाजूला नेम धरावा लागतो तो यासाठीच.

पण यामुळे आडव्या संवेगाची बेरीज बिघडत नाही. हेही बल दोघांमधलंच, समान आणि विरुद्ध. सोंगटीला जेवढं मिळालं तेवढंच स्ट्रायकरने गमावलं. फिरण्यामुळे संवेगाचा काही भाग खर्च होतो असं मुलं लिहितात, ते चूक आहे. फिरण्यात ऊर्जा जाते, सरळ संवेग जात नाही. तेव्हा प्रत्येक वेळी एकाच बाजूला फरक येत असेल तर कारण मोजमापात शोधा. मला दोन संशय आहेत.

एक, मूळ दिशा. ती स्ट्रायकरच्या टकरीआधीच्या ठिपक्यांना बसवलेल्या रेषेवरून घ्या, बोर्डवर आखलेल्या कर्णावरून नको. १ अंशाने चुकली तर दोघांच्या आडव्या संवेगांच्या बेरजेत एकूण संवेगाच्या पावणेदोन टक्के, म्हणजे अर्धं एकक येतं. तुमचा फरक तेवढाच होता.

दोन, बोर्डाचा उतार. १ अंशाच्या उतारानेही ०.१७ मी/से² चं त्वरण मिळतं, तुमच्या मंदनाच्या १४ टक्के. थांबण्याचं अंतर उलटसुलट आणि आडवं अशा चारही दिशांना मोजा. चार आकडे वेगळे आले तर पायांखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून स्पिरिट लेव्हलने सारखं करा. तोवर तेच शॉट आरशातल्यासारखे उलटे मारून बघा, सोंगटी डावीकडे जाईल असे. मूळ दिशेची चूक एकाच बाजूची असेल किंवा उतार असेल तर आता स्ट्रायकरचा आडवा संवेग जास्त दिसेल. तरीही सोंगटीचाच जास्त दिसला तर वजनाकडे वळा. स्ट्रायकरला चिकटलेली पावडर पुसून, ०.०१ ग्रॅम वाचणाऱ्या काट्यावर दोघांचं वजन पुन्हा करा. ५.३ मध्ये ०.१ ची चूक म्हणजे २ टक्के. आणि ज्या सोंगटीवर शॉट मारला तीच काट्यावर ठेवा, एकाच संचातल्या दोन सोंगट्या सारख्या वजनाच्या असतीलच असं नाही.